दोन इंच

'चाकोरी' हा शब्द आपण हल्ली बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार, असे शब्दप्रयोग व्याख्यानांतून वारंवार ऐकू येतात. परंतु वक्त्यांपैकी कितीजणांनी खरी चाकोरी पाहिली असेल, याची शंकाच आहे. बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पाडलेले दोन समांतर चर, ही मूळ चाकोरी. बेला, जैनद, तामसी या बाजूला ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे, त्या आपल्या मराठी घरांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पैनगंगेच्या या काठची काळी रेगड उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि मृगाचे दोन पाऊस पडले, की फुगून लोण्यासारखी होते. अशा जमिनीतून जाणाऱ्या पांदणीत एकदा चाकोरी पडली, म्हणजे दिवाळीपर्यंत ती बुजत नाही.

आपल्या पूर्वजांनी या चिखलावर शोधलेला उपाय सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तो म्हणजे गाडीचे उंच चाक. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांनी बांधलेले ते चाक माणसाच्या छातीपर्यंत येई, आणि त्यामुळे गाडीची आस दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावरून बिनबोभाट निघून जाई. जमिनीपासून आस किती उंच असावी, हे सुताराने कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. वाटेनेच ते त्याला शिकवले होते. पुढे ट्रॅक्टर आले. त्यांची मागची चाके बैलगाडीच्या चाकांपेक्षाही खोल रुतणारी, आणि त्यांचा भार कित्येक पट. पांदणीतली चाकोरी दुप्पट खोल झाली आणि मधला वरंबा त्याच मानाने उंचावला. ट्रॅक्टरला त्याचे काही नाही. त्याचे पोट उंचच असते. अडचण झाली ती आमच्या जीपची.

या जीपविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बनवल्या, आणि युद्ध संपल्यावर ती गाडी जगभर शेतात व जंगलात शिरली. आपल्या देशात ती आणणारी संस्था १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. हे गृहस्थ निजामाच्या राज्याचे अर्थमंत्री होते, हे आपल्या पिढीतही फार थोड्यांना ठाऊक असेल. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये तिथले गव्हर्नर जनरल झाले. आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. ज्या संस्थानात आपले आजे-पणजे देशमुखी-देशपांडेपणाची दप्तरे सांभाळत होते, त्याच संस्थानाच्या तिजोरीचा कारभारी पुढे जीपच्या कारखान्याचा भागीदार झाला, याची मला नेहमी मौज वाटते.

महसूल खात्यातील माझी नोकरी अशाच गाड्यांतून झाली. मी रुजू झालो तेव्हा तालुके होते. १९८५ मध्ये ते मोडून मंडले झाली. उटनूरच्या डोंगरातील गोंड-कोलामांच्या गुड्यांपर्यंत जाणारे रस्ते त्या काळी नावापुरतेच होते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेचा बंदोबस्त असो की अतिवृष्टीचा पंचनामा असो, चारही चाकांना जोर देणारी ती उघडी गाडी हेच आमचे कार्यालय. अशीच एक १९८८ सालची एम. एम. ५४० जातीची, प्यूजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची जीप पुढे सरकारी लिलावात निघाली आणि रीतसर बोली लावून मी ती घेतली. २०१८ मध्ये मी निवृत्त झालो. जीप मात्र निवृत्त झाली नाही. आठवड्यातून दोनदा शेतावर जाणे, खताची पोती, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बायाबापड्यांची ने-आण, ही तिची सेवा चालूच राहिली.

२०२२ च्या जुलैमध्ये आपल्या भागात जो पाऊस झाला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच दिवसांत कडेम धरणावरून पाणी जाते की काय, अशी धास्ती साऱ्या पंचक्रोशीने अनुभवली. आमच्या शेताशेजारच्या वस्तीतील एका वृद्ध काकूंना मध्यरात्री धाप लागली. डांबरी रस्ता तिथून दीड किलोमीटरवर. मी त्या रात्री शेतावरच मुक्कामाला होतो. काकूंना जीपमध्ये बसवून निघालो आणि निम्म्या वाटेवर गाडी पोटावर बसली. चारही चाके चाकोरीत गरगर फिरत होती आणि गाडीचा सारा भार मधल्या वरंब्याने उचलून धरला होता. शेवटी काकूंना बैलगाडीत हलवले आणि ती बैलगाडी उरलेली वाट ओलांडून गेली. काकू वाचल्या. परंतु एकविसाव्या शतकात यंत्राने जिथे हात टेकले, तिथे बैलांनी वाट काढली, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

चिरंजीवांनी हैदराबादहून सल्ला दिला, "बाबा, ती विकून टाका आणि नवी गाडी घ्या." पुतण्याचे मत वेगळे. तो पदविकाधारक अभियंता. त्याला अशा गाड्यांचे वेड. तो म्हणाला, "काका, गाडी चार-पाच इंच उचलू या. पाटे अॅक्सलच्या खाली आहेत, ते वर घेतले, की काम झाले." दोघांचेही ऐकून घेऊन मी प्रथम मोजपट्टी काढली. सरकारी नोकरीत पंचनाम्याशिवाय अंदाजपत्रक करायचे नसते, ही सवय जात नाही.

जीपचा सांगाडा, म्हणजे चासी, चार कोपऱ्यांत पोलादी पाट्यांच्या चळतींवर तोललेला असतो. आपण मराठी माणसे त्याला 'पाटा' म्हणतो. हैदराबादी वळणाचे मिस्त्री 'कमान' म्हणतात, आणि तोच शब्द अधिक समर्पक आहे. धनुष्यासारखा बाक दिलेल्या, लांबीने उतरत्या पट्ट्या एकावर एक रचून मध्ये एका बोल्टने आवळलेल्या असतात. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना डोळे असतात; एक डोळा चासीला पक्का, दुसरा 'शॅकल' नावाच्या झुलत्या कडीला. खड्डा आला, की बाक सपाट होतो, लांबी वाढते आणि ती कडी झुलून त्या वाढीला वाट देते. पस्तीस वर्षे असे दबत राहिल्यावर पोलादही थकते. आमच्या गाडीचे पाटे जवळजवळ सपाट झाले होते. अॅक्सलच्या नळीपासून चासीपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजले, तेव्हा चालकाची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली बसलेली आढळली. पाट्यांवरचा मूळ बाक किती असावा, हे त्याच जातीच्या एका कमी वापरलेल्या गाडीवरून ताडून पाहिले. आमची गाडी सरासरी सव्वा इंच खचली होती.

आता प्रश्न असा, की गाडी उचलायची म्हणजे नेमके काय उचलायचे? येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. पाटे कितीही उंच केले, तरी अॅक्सल चाकांच्या मध्यावरच राहणार. म्हणून अॅक्सलच्या पोटातला डिफरन्शियलचा गोळा तसूभरही वर येत नाही. तो वर आणायचा, तर टायरच मोठे हवेत. पाट्यांनी वर येते ते चासी आणि तिच्याखालचे सपाट पोट. परंतु आमची अडचण नेमकी पोटाचीच होती. गोळा गोल असतो. मऊ वरंब्यातून तो नांगराच्या फाळासारखा माती चिरत जातो. सपाट पत्रा मात्र वरंब्यावर जाऊन बसतो, आणि मग चाकांवर भारच उरत नाही. दुखणे कळल्यावर औषधाची मात्रा ठरवणे सोपे गेले.

मार्ग चार होते. पहिला पुतण्याचा, पाटे अॅक्सलच्या वर नेण्याचा. त्यात अॅक्सलवर नव्या बैठका वेल्डिंगने जोडाव्या लागतात, स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडतात, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तिरपे चालून लवकर झिजतात, आणि मुख्य म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य इतका वर जातो, की आडव्या उतारावर ती कलंडण्याची भीती वाढते. दुसरा मार्ग लांब शॅकलचा. तो सर्वांत स्वस्त. दोन इंच लांब शॅकल घातला, की गाडी सुमारे एक इंच उचलली जाते, कारण पाट्याचे एकच टोक खाली सरकते. पण त्याबरोबर पुढचा अॅक्सल किंचित फिरतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याचा गुण मंदावतो. तो परत आणायला पाट्याखाली पाचर मारावी लागते. तिसरा मार्ग पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा. जिथे पाटा अॅक्सलच्या वर असतो, त्याच गाडीला तो लागू. आमच्यासारख्या गाडीत ठोकळा घातला, तर गाडी उलट खाली बसेल! चौथा मार्ग जुना आणि कष्टाचा : पाटे उतरवून त्यांना पुन्हा बाक द्यायचा आणि थकलेल्या चळतीत एका पट्टीची भर घालायची.

चौथ्याच्या बाजूने आणखी एक कारण होते, आणि माझ्या दृष्टीने ते दुय्यम नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकाला गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे रचनात्मक बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले. पुतण्या म्हणाला, "काका, सगळेच करतात." तीस-पस्तीस वर्षे हेच वाक्य मी टेबलाच्या पलीकडून ऐकत आलो होतो. अतिक्रमण करणारा, बांध कोरणारा, नाल्यात विहीर खणणारा, प्रत्येकाचे म्हणणे हेच असे. माझी शिकवण त्याला जुनाट वाटली असेल. परंतु खचलेले पाटे पूर्ववत करणे ही दुरुस्ती आहे आणि गाडीचा सांगाडा बदलणे हा फेरफार आहे, ही सीमारेषा मी सोडली नाही. जादा पट्टीचे कामही मोटार वाहन निरीक्षकांना दाखवायचे, असे आधीच ठरवले. नाहीतरी २०२३ मध्ये नोंदणीचे पंचवार्षिक नूतनीकरण येणारच होते.

काम संक्रांतीनंतर अंगणात केले. बाक देण्यासाठी पाटे हमरस्त्यावरच्या एका वृद्ध उस्तादांकडे नेले. बाकी सर्व घरी. प्रथम चाकांना उटी लावली, मग चासीखाली जुन्या सागवानी ठोकळ्यांची चौकट रचून गाडीचा भार त्यावर उतरवला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, आणि विटांच्या भरवशावर तर मुळीच नाही. वीट पूर्वसूचना न देता फुटते. अॅक्सलचा तोल दुसऱ्या जॅकवर धरून यू-बोल्ट सोडवले. ते इतके गंजले होते, की आदल्या दिवसापासून डिझेल पाजूनही दोन कापावेच लागले. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नव्हते. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. नवे आधीच आणून ठेवले होते.

पाट्यांची चळत सोडवणे हे सर्वांत जपून करायचे काम. मधला बोल्ट काढताच दबलेल्या पट्ट्या उसळतात. म्हणून दोन्ही बाजूंना शिकंजे आवळून मगच तो सोडवावा आणि शिकंजे हळूहळू ढिले करावेत. पट्ट्यांच्या मध्ये पस्तीस वर्षांची माती दगड होऊन बसली होती. ती माती खरवडताना पुतण्याला मी म्हटले, "यात साऱ्या आदिलाबाद जिल्ह्याची माती आहे, चार जिल्हे होण्यापूर्वीच्या अखंड जिल्ह्याची." तो हसला. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार भाग झाले, तेव्हा तो शिकत होता. आणि १९५६ मध्ये किनवट नांदेडला जोडले गेले, १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात गेले, त्या गोष्टी तर माझ्याही जन्मापूर्वीच्या.

उस्तादांचे काम पाहण्यासारखे होते. पाट्याला पाणी दिलेले असते. भट्टीत लाल केला, तर ते उतरते आणि पाटा वर्षभरात पुन्हा खचतो. म्हणून ते पाटा थंडच ठेवून, खोलगट ऐरणीवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर घणाचे घाव घालत गेले. एकही घाव दुसऱ्याहून जड नव्हता. मधूनमधून जमिनीवर खडूने काढलेल्या कमानीवर पाटा ठेवून ते बाक जुळवून बघत. एका पट्टीला केसाएवढी चीर दिसली, ती त्यांनी बाजूला काढली आणि वेल्डिंग करण्याची माझ्या पुतण्याची सूचना केवळ मान हलवून फेटाळली. वय विचारले, तर म्हणाले, आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेन, साहेब. त्यांच्या मुलाने मात्र मोबाईलचे दुकान घातले आहे.

जुळणी करताना पट्ट्यांच्या मध्ये ग्राफाइटचे ग्रीस भरले, डोळ्यांत नवे बुश बसवले, आणि मधल्या बोल्टचे डोके अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बरोबर बसले की नाही, हे बोटाने चाचपून पाहिले. तिथे चूक झाली, तर अॅक्सल तिरपा राहून गाडी सतत एका बाजूला ओढते. शॅकलच्या पिना शेवटपर्यंत आवळल्या नाहीत. गाडी चाकांवर उभी राहून तिचा भार बसल्यावरच त्या आवळायच्या, नाहीतर बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. मग चाके मोकळी लोंबत ठेवून ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना, शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण उघडून अडत नाहीत ना, हे तपासले. मागच्या दोन नळ्यांपैकी एक जुनाट वाटली, ती बदलली. दिव्यांचे झोत वर गेले होते, ते भिंतीवर खूण करून खाली आणले. टायर त्याच मापाचे, पण नवे, खोल खाचांचे घातले. तेवढ्यानेच तो खालचा गोळा सुमारे एक सेंटिमीटर वर आला.

चौथ्या दिवशी पुन्हा मोजपट्टी धरली. चासी सरासरी दोन इंच उंच झाली होती : सव्वा इंच गेलेला परत आला, आणि जादा पट्टीने पाऊण इंच दिला. चारही कोपरे एकमेकांशी जुळले. टायर वगळून सारा खर्च चौदा हजारांच्या आत बसला. निरीक्षकांनी खाली वाकून सर्व पाहिले, एक-दोन प्रश्न विचारले, आणि नूतनीकरण झाले. सौभाग्यवतींनी मात्र गाडीत चढताना आता स्टूल लागेल, असा शेरा दिला, आणि पाटे कडक झाल्याने पाठीला बसणारे धक्केही त्यांनी माझ्या खात्यावर लिहिले. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. स्टूल केले, धक्के पट्ट्या एकमेकींत रुळल्यावर थोडे कमी झाले.

पण या हकिकतीतला खरा प्रसंग पुढे आहे. २०२३ च्या जुलैअखेर पुन्हा तसाच पाऊस कोसळला आणि त्याच काकूंना पुन्हा धाप लागली. पुतण्या माझ्यासोबत होता. या वेळी पांदण जीपने ओलांडली. मधला वरंबा खाली घासल्याचा आवाज दोनदा आला, पण गाडी कुठे बसली नाही. डांबरी रस्त्याच्या अलीकडे नाल्यावर रपटा आहे. त्यावरून पाणी वाहत होते, आणि रपट्याच्या कडेचे दगड दिसत नव्हते. पुतण्या म्हणाला, "काका, आता गाडी उंच आहे. निघेल." मी गाडी थांबवली.

उंची वाढली, की धाडस आपोआप वाढते, हाच या साऱ्या खटाटोपातला धोका आहे. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना ढकलून नेऊ शकते. त्यापुढे आमचे दोन इंच काय करणार? काकूंची धाप पाहता तिथे थांबणे सोपे नव्हते. गाडीतच त्यांना उशांना टेकवून बसवले, त्यांची फवाऱ्याची औषधे दिली, आणि पलीकडे डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका बोलावून ठेवली. पुतण्या दर दहा मिनिटांनी विजेरीने कडेचे दगड पाहत होता. पाऊण तासाने पहिला दगड दिसला, सव्वा तासाने ओळ दिसली. मग आम्ही सावकाश पलीकडे गेलो. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात काकू चार दिवस राहून घरी आल्या. त्या पाऊण-सव्वा तासांत पुतण्या माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. परतताना मात्र त्याने स्वतःहून चार इंचांचा विषय कायमचा मिटवला.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट केली, जी खरे तर वर्षानुवर्षे राहून गेली होती. उन्हाळ्यात पांदणीलगतच्या सर्व शेतकऱ्यांना, मराठी, तेलुगू, गोंड, सर्वांना एकत्र बसवले. ट्रॅक्टरच्या फाळीने मधला वरंबा छाटला आणि चाकोरीत मुरूम भरला. गाडी दोन इंच वर गेली होती. वाट सहा इंच खाली आली. यंत्र सुधारणे एकट्याच्या हाती असते, वाट सुधारायला दहा जण लागतात. म्हणून आपण बहुधा यंत्रच सुधारत बसतो.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आणि काळ्या मातीतली वाट आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की मोजल्यावाचून उचलू नका, आणि गेलेले परत मिळत असेल तर अधिकाचा मोह धरू नका. यू-बोल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळावे लागतात. हे काम बहुतेकजण विसरतात. मी ते पोळ्याच्या आदल्या दिवशी केले, आणि तेव्हापासून दर पोळ्याला करतो. बैलांच्या खांदेमळणीच्या दिवशी जीपच्या पाट्यांनाही तेलाचा हात लागतो, याचे आमच्या गड्याला आता नवल वाटत नाही.